समन्स ‘दिले’, ‘मिळाले’ की ‘बजावले’?

मांडवीकाठ : गोव्यात बार्देशातल्या घराच्या वाटणीचा दावा चालू झालाय. काकांना समन्स आलं, कागद सगळा इंग्रजीत, म्हणून मी मराठीत उतरवून दिला. जिथे ‘सर्व्ह’ होतं तिथे ‘दिले’ असं लिहिलं. काका उसळलेच. “दिले कसले? कोर्टाचा बेलीफ आला तेव्हा मी हात मागे बांधून उभा होतो. घेतलंच नाही मी!” आता काय लिहू? ‘बजावले’ फार सरकारी वाटतं.

पारिजात : वाटू दे, तोच शब्द बरोबर. ‘दिले’ला घेणारा लागतो, ‘बजावले’ला लागत नाही. माणसाने सही करायला नकार दिला तर बेलीफ प्रत घराच्या बाहेरच्या दारावर डकवतो आणि मूळ समन्सवर शेरा लिहितो: का डकवलं, घर कुणी दाखवलं, कुणासमोर डकवलं. दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर 5, नियम 17. म्हणजे काकांचे मागे बांधलेले हातही शेऱ्यात आले असणार.

जुना कारकून : आम्ही उभ्या नोकरीत एकच प्रश्न विचारला, ‘बजावणी झाली?’ उत्तरं तीनच: झाली, घर बंद, नाकारलं. प्रतिवादी घरी नसला, लवकर येण्याची शक्यता नसली आणि त्याच्या वतीने घेणारा मुखत्यार नसला, तर घरातल्या सज्ञान माणसाकडे देता येतं, बाई असो की पुरुष. नोकराकडे दिलेलं मात्र चालत नाही, तो घरचा धरत नाहीत. नवे बेलीफ इथेच फसायचे. अंगणात झाडू मारणारा भेटला की त्याच्याच हातात कागद.

कुळागर : बजावणी म्हणजे मुळात वाजवणं ना? पूर्वी ढोल वाजवून कळवत असतील.

पारिजात : ऐकायला छान, पण नाही हो. फारसीत ‘बजा’ म्हणजे जागेवर, यथायोग्य. उर्दूत ‘हुक्म बजा लाना’ म्हणतात, म्हणजे हुकूम पार पाडणं. आपण कर्तव्य बजावतो, मताधिकार बजावतो, पोराला बजावून सांगतो, त्यात ढोल कुठे आहे? गंमत म्हणजे ढोल संहितेत आहे, पण भलत्याच ठिकाणी: ऑर्डर 21, नियम 54. स्थावर मिळकत जप्त झाली की तिथे ढोल वाजवून किंवा रूढ रीतीने जाहीर करायचं.

कुळागर : बरं, ढोल मागे घेतो. आजोबांच्या जुन्या फायलीत पोर्तुगीज कागद आहेत, त्यांत ‘सितादु’ येतं. ही 1908 ची संहिता आपल्याकडे 1965 च्या कायद्याने लागू केली, त्याआधीचे ते कागद. ते ‘सितार’ या क्रियापदावरून, म्हणजे बोलावणं. त्यांचा शब्द माणसाला हाक मारतो, आपला शब्द हुकमाचं काय झालं तेवढंच सांगतो. मला त्यांचाच जास्त माणसाळलेला वाटतो.

जुना कारकून : माणसाळलेला असेल, पण ‘हाक मारली’ आणि ‘हाक पोचली’ यातलाच तर सगळा वाद असतो. आणि दाखल करण्याला आपल्याकडे ‘केस घातली’ म्हणतात, तेही नोंदवून ठेवा. घाटावरच्या वकिलाने एकदा विचारलं होतं, “घातली? कुठे घातली?” ते ‘टाकतात’ म्हणे.

मांडवीकाठ : ‘बजावले’ केलं. काकांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प. मग विचारलं, “म्हणजे कैफियतीचे, आपल्या लेखी उत्तराचे, ते 30 दिवस कधीपासून?” म्हटलं, बजावणीपासून. कारणं नोंदवून कोर्ट 90 पर्यंत वाढवू शकतं, पण ते कोर्टाच्या हातात. कॅलेंडर काढलं. हात मागे बांधून उभे राहिले त्याला आज बारावा दिवस. वकिलाला फोन लावलाय, उचलत नाहीये.