प्लगइनच्या कोडवर शून्य तक्रारींचा आग्रह धरावा का?

अर्धविराम (धागाकर्ता)
चर्चा वर्डप्रेस प्लगइनपुरती ठेवू. माझं मत सरळ आहे: पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल घ्या अशी विनंती) आली की पीएचपी कोडस्निफर (लिहिण्याचे नियम बघणारा) आणि पीएचपीस्टॅन (कोड न चालवता प्रकारांच्या चुका शोधणारा) चालले पाहिजेत, आणि त्यांची एकही तक्रार उरली तर मर्ज, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेणं, बंद. 'चूक' वेगळी आणि 'इशारा' वेगळा असं ठेवलं की इशारे कुणीच वाचत नाही. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात नवा प्लगइन देताना २०२४ पासून 'प्लगइन चेक' ही तपासणी आपोआप चालते. तिथे अडण्यापेक्षा घरी अडलेलं बरं.

कंपोझरमध्ये (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) तीन गोष्टी लागतात: वर्डप्रेस कोडिंग स्टँडर्ड्स (कोडस्निफरसाठीचे नियम), पीएचपी कंपॅटिबिलिटीचा वर्डप्रेस संच (कोड कुठल्या पीएचपी आवृत्त्यांवर चालेल ते बघणारा) आणि पीएचपीस्टॅनचं वर्डप्रेस एक्स्टेंशन. तिसरं विसरलं तर 'ॲड_ॲक्शन सापडत नाही' छापाच्या तक्रारींनीच पडदा भरतो, कारण वर्डप्रेसच्या फंक्शनचे स्टब (नुसत्या रिकाम्या व्याख्या) त्याच्यासोबत येतात. पीएचपीस्टॅनला मेमरी १ जीबी तरी द्या.

जुनं_खोड
असहमत. दहा वर्षं वाढत गेलेला प्लगइन या चाळणीत टाका. पहिल्या फेरीतल्या बहुतेक तक्रारी टॅब, कंसातली मोकळी जागा आणि योडा अटी (तुलनेत स्थिर मूल्य आधी लिहिणं) यांच्या असतात. त्यावर मर्ज अडवलं की लोक दोन वाटा काढतात. एक म्हणजे पीएचपीसीबीएफ (कोडस्निफरचा आपोआप दुरुस्ती करणारा भाग) सगळ्या फाइलींवर फिरवायचं. मग गिट ब्लेमला (ओळ शेवटी कुठल्या बदलात आली ते सांगणारी आज्ञा) विचारलं की प्रत्येक ओळीवर त्याच एका कमिटचं, म्हणजे नोंदलेल्या बदलाचं, नाव. दुसरी वाट वाईट: फाइलीच्या माथ्यावर कोडस्निफर बंद करणारी टिप्पणी. मोकळ्या जागेसोबत आउटपुट एस्केप न केल्याचा (छापण्याआधी धोकादायक चिन्हं निष्प्रभ न केल्याचा) नियमही झोपतो. अहवाल स्वच्छ, कोड होता तसाच.

अर्धविराम
दोन्हीला तोड आहे. मांडणीची दुरुस्ती एकाच स्वतंत्र कमिटमध्ये करायची आणि त्याचा हॅश (ओळख क्रमांक) 'गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' फाइलीत टाकायचा, म्हणजे ब्लेम तो वगळतो. बंद करणाऱ्या टिप्पणीत नियमाचं पूर्ण नाव आणि दोन डॅशनंतर कारण नसेल तर रिव्ह्यूत परत. जुन्या प्रकार-तक्रारींसाठी पीएचपीस्टॅनची बेसलाइन (माफ केलेल्या तक्रारींची यादी) आहेच: आजचं सगळं तिच्यात जातं, उद्यापासून नवं काही चालत नाही. बेसलाइनमधली चूक दुरुस्त झाली आणि तिथली नोंद काढली नाही, तर पीएचपीस्टॅन त्याबद्दलही ओरडतो. म्हणजे यादी आपसूक आटते.

कोपरखळी
आटते, पण गळतेही. बेसलाइन ओळ क्रमांक धरत नाही; फाइल, संदेश आणि तो किती वेळा आला एवढंच धरते. एका फाइलीत 'गेट_पोस्ट नल देऊ शकतं' (नल म्हणजे मूल्यच नाही) तीनदा नोंदलंय. तुम्ही एक जागा सुधारलीत आणि खाली तशीच नवी चूक केलीत, तर आकडा पुन्हा तीन. हिरवी खूण.

तिसरा_डोळा
मूळ प्रश्न वेगळा आहे: या साधनांना काय दिसतं? नॉन्सचा नियम घ्या (नॉन्स म्हणजे विनंती खऱ्या पानावरूनच आली हे दाखवणारा तात्पुरता संकेत). फॉर्मचा डेटा वाचण्याआधी त्याच फंक्शनमध्ये नॉन्स तपासणीचा कॉल आहे का, एवढंच कोडस्निफर बघतो. 'डब्ल्यूपी_व्हेरिफाय_नॉन्स' नुसतं बोलावलं आणि आलेलं उत्तर फेकून दिलं तरी त्याचं समाधान. उलट तपासणी दुसऱ्या फंक्शनमध्ये नीट केली असेल तर खोटी तक्रार. (ती त्या फंक्शनचं नाव रूलसेटमध्ये (नियमांच्या फाइलीत) देऊन मिटते, टिप्पणीने दाबू नका.)

दुवा छापताना पत्ता तपासणाऱ्या 'ईएससी_यूआरएल'ऐवजी फक्त चिन्हं बदलणारं 'ईएससी_ॲट्र' लावलं तरी नियम खूश, आणि 'जावास्क्रिप्ट:'ने सुरू होणारा पत्ता सुखरूप पार. 'करंट_यूजर_कॅन' (या वापरकर्त्याला परवानगी आहे का) मुळात विचारलंच नाही, हे तर बहुतेक वेळा दिसतच नाही. नॉन्स म्हणजे परवानगी नव्हे. पान ज्या सदस्याला दिसतं, त्याच्याकडे नॉन्सही असतो.

जुनं_खोड
हेच. रिअली सिंपल सिक्युरिटीची नोव्हेंबर २०२४ मधली चूक आठवा, सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२४-१०९२४. चाळीस लाखांहून जास्त साइटींवरचा प्लगइन, तोही सुरक्षेचा! टू-फॅक्टरच्या (दुहेरी ओळख तपासणीच्या) रेस्ट मार्गात, म्हणजे बाहेरून विनंती घेणाऱ्या पत्त्यावर, नॉन्स चुकला की तपासणारं फंक्शन त्रुटी कळवणारा प्रतिसाद परत देत होतं. बोलावणाऱ्याने तो बघितलाच नाही आणि विनंतीतला वापरकर्ता क्रमांक घेऊन लॉगिन करून दिलं. टू-फॅक्टर चालू असलेल्या साइटवर कुणीही ॲडमिन. ९.१.२ मध्ये दुरुस्ती आली. इथे पीएचपीस्टॅनचा कुठला स्तर (कडकपणाची पायरी) कामी आला असता?

अर्धविराम
उदाहरण माझ्या बाजूचं निघालं. त्या फंक्शनचं उत्तर एका चलात साठवलं होतं आणि ते चल पुढे कुठेच वापरलं नव्हतं. न वापरलेलं चल पकडणं हा व्हेरिएबल ॲनालिसिस या स्निफचा (कोडस्निफरच्या जादा नियमाचा) रोजचा धंदा. साधनाला सुरक्षा कळत नाही, मान्य. पण 'हे चल कशाला ठेवलंय?' हा प्रश्न माणसाला तिथे थांबवतो. आणि हा प्रश्न बहुतेक ठिकाणी इशाऱ्यांच्या ढिगात गाडलेला असतो, म्हणून इशाऱ्यांनाही शून्य म्हणतो.

कोपरखळी
हा मुद्दा पटला. पण पीएचपीस्टॅनच्या स्तरांवर 'शून्य' म्हणताना कुठे थांबायचं ते सांगा. सातव्या स्तरावर 'डब्ल्यूपी_रिमोट_गेट'कडून आलेल्या उत्तरात डब्ल्यूपी_एरर (वर्डप्रेसची चूक कळवणारी वस्तू) असू शकतो हे कळतं, आठव्यावर नल. हे दोन्ही सोन्याचे. नवव्यावर 'गेट_ऑप्शन' आणि 'अप्लाय_फिल्टर्स'चं प्रत्येक मिक्स्ड (प्रकार ठाऊक नसलेलं) मूल्य अडतं आणि लोक सरसकट 'ही स्ट्रिंगच (मजकूरच) आहे' असं सांगणारी टिप्पणी ठोकतात. ऑप्शनमध्ये ॲरे (मूल्यांची यादी) असेल तर पानावर 'ॲरे' हा शब्द छापला जातो. तक्रार शून्य, बिघाड नवा.

अर्धविराम
आठवर थांबायला हरकत नाही. नववा फक्त नव्या फाइलींना, तोही अशी टिप्पणी न लिहिता, 'इज_स्ट्रिंग'ने तपासून.

रात्रपाळी
सुसंगततेकडे कुणी वळलंच नाही. प्लगइनच्या शीर्षात 'किमान पीएचपी ७.४' लिहायचं आणि फंक्शनच्या व्याख्येत शेवटच्या पॅरामीटरनंतर स्वल्पविराम ठेवायचा. तो ८.० पासूनच चालतो, ७.४ वर पार्स एरर, फाइल लोडच होत नाही. पीएचपी कंपॅटिबिलिटीला टेस्ट व्हर्जन '७.४-' असं द्या, शेवटच्या डॅशसकट. डॅश गेला की फक्त ७.४ तपासलं जातं आणि ८.२ मध्ये कालबाह्य ठरलेल्या गोष्टी निसटतात.

तिसरा_डोळा
आणि वेंडर फोल्डर, म्हणजे परक्या लायब्ररींची जागा? सगळ्यांच्या रूलसेटमध्ये तो वगळलेला असतो. सप्टेंबर २०२० मध्ये डब्ल्यूपी फाइल मॅनेजरचं भोक अशाच परक्या कोडमधलं होतं: एलफाइंडर या लायब्ररीतली नमुना कनेक्टर फाइल, '.डिस्ट' शेपूट काढून '.पीएचपी' केलेली, थेट पत्त्यावरून उघडणारी. लॉगिनशिवाय कुणीही साइटवर फाइल चढवू शकत होतं, ६.९ मध्ये ती हटवली. स्वतःच्या कोडवर शून्य तक्रारी असत्या तरी ते भोक तसंच राहिलं असतं.

अर्धविराम
मग तपासणी रिपॉझिटरीवर (कोडच्या साठ्यावर) नको, वापरकर्त्याकडे जाणाऱ्या बनलेल्या झिपवर करू.

जुनं_खोड
झिपवर कोडस्निफर सोडलात तर परक्या लायब्ररींच्या तक्रारींचा पूर येईल. तुमचं शून्य तिथेच वाहून गेलं. झिपसाठी वेगळी, छोटी तपासणी ठेवा: नमुने, डेमो आणि चाचण्यांची फोल्डरं आत शिरली का, आणि मागच्या आवृत्तीत नसलेल्या पीएचपी फाइली कुठल्या. ही यादी रिव्ह्यू करणाऱ्यापुढे ठेवा. ती माणसानेच वाचायची, आणि तिच्यावर हिरवी खूण लावू नका.