आईला मोठ्याने वाचून दाखवतोय, पुस्तकं सुचवा

माळावरचा:
माझी आई ७८ वर्षांची. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत बाई होती, त्यातली बरीचशी दोन-शिक्षकी शाळांत गेली. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सुरू झालं. आता समोर बघितलं की मधोमध डाग दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. घरात हिंडते-फिरते, मेथी निवडते, पण अक्षर लागत नाही.

मार्चपासून रोज रात्री जेवणं झाली की मी तिला अर्धा तास वाचून दाखवतो. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे गाळप सुरू झालं की शिफ्टप्रमाणे वेळ बदलेल, पण खंड पडू द्यायचा नाही असं ठरवलंय. आधी मोबाईलवर ऑडिओबुक लावून दिलं होतं. चार दिवस ऐकलं आणि म्हणाली, "त्या बाईला मधेच थांब म्हणता येत नाही रे."

पहिलं पुस्तक 'बनगरवाडी' घेतलं. मी ते दोनदा वाचलं होतं, पण तोंडाने वाचताना कळलं व्यंकटेश माडगूळकर काय चीज आहे. वाक्य एका दमात बसतं, कुठे अडखळायला होत नाही. शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जू खांद्यावर घेते, तिथे आईने हात वर केला. वर्गात पोरांना गप्प करताना करायची, अगदी तसा. बराच वेळ आम्ही दोघं नुसते बसून होतो. मग म्हणाली, "हं, वाच." तालमीचं काम, राजेसाहेब येतात तो दिवस, मग दुष्काळ आणि ओस पडत जाणारी वाडी, सगळं बारा रात्रींत झालं. शेवटच्या रात्री ती त्यातल्या शाळामास्तरबद्दलच बोलत राहिली. तिला पहिली नेमणूक मिळाली तेव्हा तिच्याही गावात एसटी जात नव्हती, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

नंतर मोठ्या हौसेने जी. ए. कुलकर्णींचा कथासंग्रह 'काजळमाया' काढला. कॉलेजपासून माझा जीव त्या पुस्तकावर. पण दुसऱ्याच पानावर आई म्हणाली, "परत वाच." परत वाचलं, तरी वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात निसटायची. शेवटी मिटून ठेवलं.

तुम्ही कुणाला वाचून दाखवलेलं पुस्तक सांगा. नुसतं नाव नको, वाचताना काय झालं तेही लिहा.

पुस्तकपेटी:
'स्मृतिचित्रे'. डोळे मिटून घ्या. लक्ष्मीबाई टिळकांनी ते लिहिलंय असं वाटतच नाही, ओसरीवर बसून सांगताहेत असं वाटतं. १९३४ ते ३६ मध्ये भागाभागाने छापलेलं पुस्तक, पण भाषा कालची आहे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे त्यांचे वडील, कुणाला न सांगता घरातून निघून जाणारे त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, हे सगळं लक्ष्मीबाई हसत सांगतात आणि पुढच्याच ओळीला तुमचा आवाज कापरा होतो.

माझ्या सासूबाईंचं सोवळंओवळं कडक होतं. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, ते प्रकरण जवळ आलं तेव्हा मी घाबरत घाबरत वाचायला लागले. त्या ताडकन म्हणाल्या, "दोघं पुन्हा एकत्र आली की नाही ते आधी सांग, मग पुढे वाच." सांगितलं, तेव्हा कुठे पाठ टेकून बसल्या. त्यांना टिळकांच्या धर्माशी काही देणंघेणं उरलं नव्हतं, बाईचं काय होणार एवढंच डोक्यात. हे पुस्तक मी आजवर पाच जणींना भेट दिलंय. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, ती मात्र घेऊ नका. पूर्णच घ्या.

वऱ्हाडी_पोर:
भाऊ, उद्धव शेळक्यांची 'धग' वाचा. १९६० ची कादंबरी, आमच्या अमरावतीकडची बोली. मी पुण्यात नोकरीला आलो तेव्हा रूमवर सगळे माझ्या बोलण्याला हसायचे, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. एका रविवारी 'धग' मधले संवाद मोठ्याने वाचून दाखवले. पाच पानांत खोली चिडीचूप. त्यातला एक जण दुसऱ्या दिवशी पुस्तक मागून घेऊन गेला. कौतिकसारखी बाई मराठीत दुसरी नाही, नवऱ्याला महारोग होतो आणि ही बाई संसार ओढत राहते, ओढतच राहते. एकच विनंती. संवाद पुस्तकी मराठीत वळवू नका, जसे छापलेत तसेच म्हणा. आणि झोपायच्या आधी नका वाचू, झोप लागणार नाही.

बेळगावची_मुलगी:
लंपन! प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' घ्या, मग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, त्याची सुमी, आणि दर दोन वाक्यांनी येणारं 'मॅड'. आमच्या भागातल्या मराठीला कानडीचा हेल आहे, तो संतांनी कागदावर जसाच्या तसा उतरवलाय. मी मुलाला वाचून दाखवायचे तेव्हा माझे बाबा पेपर वाचायचं सोंग करून पलीकडे बसायचे. पेपरचं पान काही उलटायचं नाही.

आणि जी.एं.वर फुली मारू नका, प्लीज. ते आमच्याकडचे, धारवाडात कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. तुम्ही चढाच्या बाजूने सुरुवात केलीत. आधी १९५९ चं 'निळासावळा' घ्या. त्यातली माणसं घरातली आहेत, दुःखं ओळखीची आहेत. तुमच्या आई नक्की ऐकतील.

सायंतारा:
पु. शि. रेग्यांची 'सावित्री'. ३९ पत्रं आहेत, रात्रीला एक-दोन. पत्र तर ऐकण्यासाठीच असतं. लच्छी आणि मोराची गोष्ट आली की सावकाश वाचा.

माळावरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'स्मृतिचित्रे' ग्रंथालयातून आणलं, पूर्ण आवृत्ती. पहिल्या रात्री अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला, मी थांबलो तर आई म्हणाली, "घसा दुखतोय का? पाणी पी आणि वाच." 'धग' रविवारी दुपारसाठी ठेवलंय.

एक सांगायचं राहिलं. मधल्या दोन रात्री हाताशी पुस्तक नव्हतं, तर आई म्हणाली 'रुचिरा' वाच. कमलाबाई ओगल्यांचं पुस्तक असं कुणी वाचून दाखवतं का, पण वाचलं. तिची जुनी प्रत आहे, पुरणपोळीच्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं. मी साहित्य वाचायला लागलो आणि वाटीचं माप माझ्या आधी ती म्हणायला लागली. मग लग्नानंतरची पहिली होळी, चूल, कटाची आमटी, आजीने काय म्हटलं, सगळं निघालं. त्या रात्री दीडच पान झालं.

बेळगावच्या ताई, 'वनवास' मागवलंय. लंपनमध्ये कानडी शब्द आले तर इथे विचारले चालतील ना? उच्चार चुकला तर आई पुढे जाऊ देत नाही.