मदत हवी आहे: जोडीदार पंचाचा कॉल चुकलेला मला दिसला, त्यांनी विचारलं नाही. मी जायला हवं होतं का?

खानापूर_पीटी

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात पीटी शिक्षक आहे. तीन वर्षं झाली, शालेय बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. गेल्या आठवड्यात जे घडलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारतोय. जरा लांब होईल, खरं सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

बेसबॉलचा सामना होता, पंच दोनच. मी होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे, सर फर्स्ट बेसकडे, म्हणजे चेंडू मारल्यावर बॅटरने धावत गाठायच्या पहिल्या ठिकाणाकडे. सर म्हणजे ज्यांनी मला हा खेळ शिकवला तेच. मी शाळेत असताना त्यांनी आमच्या हातात पहिला ग्लोव्ह दिला होता. आज आम्ही एकाच सामन्यात पंच असतो याचा मला फार अभिमान आहे.

सातवी, शेवटची इनिंग. बॅटिंग करणारा संघ एका रनने मागे, दोन आऊट, बेसवर कुणी नाही. बॅटरने शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरकडे) सरपटता चेंडू मारला. बेसवर रनर नसला की प्लेट अंपायरने बॅटरच्या मागून फर्स्ट बेसच्या रेषेने वर जायचं असतं, ९० फुटांपैकी साधारण ४५ फुटांपर्यंत. तसा मी गेलो. शॉर्टस्टॉपचा थ्रो होम प्लेटच्या बाजूला वाहवला. तो घ्यायला फर्स्ट बेसमन माझ्याच दिशेने ताणला गेला आणि त्याचा पाय बेसवरून सुटला. थोडाथोडका नाही, वीतभर. चेंडू हातात आला तेव्हा पाय बेसवर नसेल तर बॅटर आऊट होत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता. फक्कीच्या रेषेजवळ ओल्या तांबड्या मातीत त्याच्या बुटाचा ठसा उमटलेला मला अजून दिसतो.

सर आत, सेकंड बेसच्या अंगाला उभे होते. त्यांची जागा चुकीची नव्हती, थ्रोला काटकोन धरून तिथेच उभं राहायचं असतं. खरं त्यांच्या नजरेच्या आणि त्या पायाच्या मधे पोराचं अख्खं अंग आलं. सरांचा हात वर गेला. आऊट. सामना संपला.

हरलेल्या संघाचे शिक्षक धावत आले, ‘नोड्री सर, नोड्री’ (कन्नडात ‘बघा सर, बघा’) म्हणत ते बेसकडे बोट दाखवत होते. सर म्हणाले, ‘मी बघितलंय, आऊट आहे.’ माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी पंधरा पावलांवर मास्क हातात धरून उभा होतो. बोललो नाही. तो बॅटर जांबोटीकडचा, नववीतला पोरगा. बराच वेळ बेसजवळच बसून होता. त्याला उठवायलाही मी गेलो नाही.

माझा प्रश्न असा. विचारल्याशिवाय जोडीदाराच्या कॉलमध्ये पडू नये असं मला शिकवलंय, आणि ते शिकवणारे सरच. मग मी नियम पाळला की त्या पोरावर अन्याय केला? येत्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा एकत्र आहोत. सरांशी हे बोलावं का, आणि कसं? कुणी अनुभवी पंच असतील तर कृपया सांगा.

चिकोडी_कोच

सर, मी कोचच्या बाजूने सांगतो. तुम्ही जायला पाहिजे होतं. आम्ही पोरांना पहाटे साडेपाचला मैदानावर आणतो, एसटीने, डबे बांधून. जिल्हा पातळीवर जायची संधी वर्षातून एकदाच. पंचांना दिसलं असूनही ते गप्प राहिले, हे पोराला कुठल्या तोंडाने सांगायचं?

रागाने लिहीत नाही. तुम्ही स्वतःहून इथे विचारलंत, एवढं कुणी करत नाही.

हुक्केरीचा_जुना_पंच

खानापूर सर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी पंचगिरी करून आता थांबलोय, गुडघे ऐकत नाहीत. तरी जे माहीत आहे ते सांगतो.

आधी नियम. अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या नियमपुस्तकात ८.०२ पाहा. जुनी प्रत असेल तर तोच नियम ९.०२ म्हणून सापडेल. त्याच्या ‘सी’ कलमात म्हटलंय की ज्याने कॉल दिला तो पंच अंतिम निर्णयाआधी दुसऱ्याला माहिती विचारू शकतो. आणि ज्याचा कॉल आहे त्याने विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचाने टीका करायची नाही, कॉल फिरवायला बघायचं नाही, मधे पडायचं नाही. म्हणजे तुमच्या सरांनी शिकवलं ते शब्दाला शब्द बरोबर आहे.

पण त्याच पुस्तकात पंचांसाठी ज्या सर्वसाधारण सूचना आहेत, त्या फार कमी लोक वाचतात. तिथे लिहिलंय की खात्री नसेल तर साथीदाराला विचारायला कचरू नका. पंचाचा मान महत्त्वाचा आहे, पण निर्णय बरोबर असण्याइतका नाही. मी नव्या पोरांना आधी हे वाचायला लावायचो, मग ८.०२.

आता या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? सामन्याआधी. दोन्ही पंच कोपऱ्यात उभे राहून दहा मिनिटं बोलतात ती बैठक नुसती चहापाण्याची नसते. तिथे मी जोडीदाराला स्पष्ट सांगायचो: ‘माझ्या कॉलमध्ये पाय सुटला असेल, टॅग करताना, म्हणजे रनरला चेंडू लावताना, तो हातातून पडला असेल, कॅच जमिनीला लागून घेतला असेल, आणि तुला शंभर टक्के दिसलं असेल, तर माझ्याकडे चालत ये. मी तुला आत्ताच विचारून ठेवलंय असं समज.’ हे बोलणं झालं की तुम्ही गेलात तरी मधे पडला असं होत नाही. त्याने विचारलेलंच असतं, फक्त दोन तास आधी.

जायचं तेही रीतीने. हात हलवायचा नाही, लांबून ओरडायचं नाही, बेसकडे बोट तर अजिबात नाही. वेळ थांबवायची, जोडीदाराला बाजूला घ्यायचं, खेळाडू आणि कोच ऐकू येणार नाहीत इतकं लांब. मग फक्त जे पाहिलं ते सांगायचं: ‘चेंडू ग्लोव्हमध्ये आला तेव्हा पाय बेसवर नव्हता.’ सेफ की आऊट हा शब्द तुमच्या तोंडून येता कामा नये. तुम्ही माहिती दिलीत, निर्णय त्याचा. बदललेला कॉलही त्यानेच द्यायचा, त्याच्याच हाताने. बाहेरच्या लोकांना दिसलं पाहिजे की पंचाने स्वतः कॉल सुधारला.

आणि कुठे जायचं नाही तेही सांगतो. बॉल-स्ट्राइकमध्ये, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू योग्य पट्ट्यात होता की नाही यात, कधीच नाही. बेसवर चेंडू आधी की पाय आधी, एवढाच प्रश्न असेल तर नाही. तो जवळ उभा आहे, तुम्ही लांब. फाऊल (रेषेबाहेर) दिलेला चेंडू फेअर (रेषेच्या आत) करायला जाऊ नका, फाऊल म्हटलं की सगळे थांबतात, मग कुठला रनर कुठे पोचला असता हे कुणी ठरवायचं? तुमच्या प्रसंगात ती अडचणच नव्हती. बेस रिकामे, एकच बॅटर. सेफ दिला असता तर तो फर्स्ट बेसवर उभा राहिला असता, पुढचा बॅटर आला असता. याहून सोपी दुरुस्ती नसते. म्हणूनच मला हळहळ वाटते.

नियमच चुकला असेल तर मात्र विचारण्याची वाट बघायची नाही. चारऐवजी तीन बॉलवरच बॅटरला बेस दिला, इनिंग तीनऐवजी दोन आऊटवरच संपवली, अशा वेळी लगेच बोलायचं. तिथे कुणाच्या नजरेचा प्रश्न नसतो, तो मोजणीचा असतो.

कॅम्प_क्रिकेट_अंपायर

मी बेळगावात क्रिकेटचे सामने करतो, बेसबॉल फारसा कळत नाही. पण आमच्या कायद्यातही हे आहे, ३१व्या कायद्यात. दुसरा पंच जास्त चांगल्या जागी असेल आणि तुम्हाला शंका असेल तर त्याला विचारायचं आणि मग निर्णय द्यायचा. विचारूनही शंका राहिलीच तर नॉट आऊट. कॅच जमिनीला लागला की नाही हे मी स्क्वेअर लेगच्या पंचाला नजरेनेच विचारतो. आमच्यातही अडचण तीच, मुख्य पंचाला शंकाच आली नाही तर? तुमच्या सरांना शंका नव्हती. त्यांनी जे पाहिलं त्यात पाय होता. यात त्यांचा अहंकार मला दिसत नाही.

एक विचारतो, सामन्यानंतर प्रोटेस्ट करता आली नसती का?

हुक्केरीचा_जुना_पंच

नाही. पाय होता की नव्हता हा नजरेचा निर्णय, त्यावर प्रोटेस्ट चालत नाही. म्हणून तर जे काही करायचं ते मैदान सोडण्याआधी.

तुमचं अहंकाराबद्दलचं वाक्य पटलं. एक जुनी गोष्ट सांगतो, बेसबॉलवाल्यांना माहीत असेल. २ जून २०१०, डेट्रॉइट. टायगर्सचा पिचर आर्मांडो गालारागा याने क्लीव्हलँडचे २६ बॅटर ओळीने आऊट केले होते. २७वा आऊट झाला की परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर न जाता पूर्ण सामना. २७वा बॅटर जेसन डोनाल्ड फर्स्ट बेसवर स्पष्ट आऊट होता. पंच जिम जॉईस यांनी सेफ दिला. मैदानावर चार पंच होते, कॉल बदलला नाही. तेव्हा रिप्ले फक्त होमरनपुरता होता, बेसवरच्या कॉलसाठी तो २०१४ साली आला. जॉईसनी सामन्यानंतर चित्रफीत पाहिली आणि आपली चूक उघडपणे कबूल केली, गालारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जॉईस होम प्लेटमागे होते, आणि संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला गालारागाच आला. जॉईसना डोळे पुसावे लागले.

सांगायचं कारण, ते अतिशय चांगले पंच म्हणून ओळखले जायचे. चांगल्या पंचाची नजरही एखाद्या वेळी दगा देते. तुमच्या सरांचंही तेच झालं असणार. त्यांना टाळू नका. घरी जाऊन बोला, मैदानावर नको.

चिकोडी_कोच

जुने पंच, एक सांगा. मी कोच म्हणून काय करायचं? मला दिसलं की प्लेट अंपायरने बघितलंय, तर थेट त्यांच्याकडे जाऊ?

हुक्केरीचा_जुना_पंच

नाही. ज्यांनी कॉल दिला त्यांच्याकडेच जायचं. शांतपणे म्हणायचं, ‘सर, फर्स्ट बेसमनचा पाय सुटला असं आम्हाला वाटतं, साथीदाराला विचाराल का?’ बॉलबद्दल किंवा स्ट्राइकबद्दल हे चालत नाही. फक्त अर्ध्या स्विंगला (बॅट अर्धवट फिरवून थांबवली तर), तेही प्लेट अंपायरने बॉल दिला असेल तरच, बेस अंपायरला विचारा असं म्हणता येतं. एका पंचाकडून नकार मिळाला म्हणून दुसऱ्याकडे गेलात की दोघांनाही राग येतो, आणि तो बरोबरच असतो.

खानापूर_पीटी

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सरांच्या घरी वडगावला जाऊन आलो. उशिरा लिहितोय, कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

काकूंनी चहा दिला. मी सामन्याचा विषय काढला आणि सरळ सांगितलं की पाय सुटला होता. सरांनी विचारलं, ‘किती?’ मी म्हटलं, वीतभर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग आलास का नाहीस?’

मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत म्हणून. तुम्हीच शिकवलंय.

सर म्हणाले, ‘ते शिकवलं खरं. कधी यायचं ते सांगायचं राहिलं माझं.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र बोलवेना.

मग त्यांनी खडू घेऊन अंगणातल्या फरशीवर डायमंड (चार बेसचा चौकोन) काढला. कोण कुठे उभा राहणार, मी कुठवर येणार, सगळं पुन्हा पहिल्यापासून. ठरलं असं: रेषेने वर गेल्यावर पाय सुटलेला दिसला तर मी डावा हात छातीवर ठेवून थांबायचं. सर कॉल दिल्यावर एकदा माझ्याकडे बघणार, प्रत्येक वेळी, शंका असो वा नसो. हात दिसला तर वेळ थांबवून तेच मला बोलावणार. त्या मुलाच्या शाळेच्या सरांना त्यांनी माझ्यासमोर फोन केला. काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्या दोघांमधलं आहे.

निघताना सरांनी एक शंका काढली, ती तुम्हालाच विचारायला सांगितली आहे. फर्स्ट बेसवर रनर असला तर मला थर्ड बेसच्या बाजूला जावं लागतं. सेकंडवर किंवा थर्डवर असला तर मी होम प्लेट सोडू शकत नाही. मग फर्स्ट बेसमनचा पाय कोण बघणार?

हुक्केरीचा_जुना_पंच

सरांना माझा नमस्कार सांगा. छातीवरच्या हाताबद्दल आधी एक. बरेच पंच इनफिल्ड फ्लायची (बेसवर रनर असताना जवळच उंच उडालेल्या सोप्या कॅचवर बॅटरला थेट आऊट द्यायचा नियम) आठवण जोडीदाराला द्यायला तीच खूण करतात. बेस रिकामे असताना इनफिल्ड फ्लाय नसतेच, त्यामुळे गोंधळ होणार नाही, तरी दोघांनी एकदा बोलून घ्या.

आता शंका. त्या वेळी पाय बघायला दुसरं कुणी नाही. बेस अंपायर डायमंडच्या आत असतो आणि सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर येतं. थ्रो हातातून सुटेपर्यंत चेंडू बघायचा, तो सरळ येतोय की वाहवतोय ते ओळखायचं, आणि लगेच नजर बेसवर न्यायची. फर्स्ट बेसमनचा पाय आणि रनरचा पाय डोळ्यांनी, चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज कानांनी. थ्रो वाहवला की घाई करायची नाही. एक पाऊल बाजूला टाकून पायाची फट दिसेल अशी जागा घ्यायची, मग हात उचलायचा. अर्धा सेकंद उशीर झाला तर कुणी काही म्हणत नाही. सरांना म्हणावं, बेस रिकामे असतील तेव्हा फर्स्ट बेसपासून १५ ते १८ फुटांवर राहा. त्याहून जवळ गेलं की पाय आणि ग्लोव्ह दोन्ही एका नजरेत मावत नाहीत.

रविवारी मैदान कुठलं आणि किती वाजता ते कळवा. हुक्केरीहून सकाळची गाडी मिळाली तर येतो बघायला.

खानापूर_पीटी

नक्की या. साडेआठला पहिला सामना, आम्ही दोघं सात वाजता फक्की मारायलाच तिथे असू. मैदानाचं नाव निरोपात पाठवतो.