जुन्या जीएन २५० मध्ये ई१० घालावं का? (ऑकलंड)

मानुकाऊकर: मंडळी, सल्ला हवाय. शिकाऊ लायसन्सवर चालवायला १९९८ ची सुझुकी जीएन २५० मोटरसायकल घेतली. कार्ब्युरेटरवाली, रबरी नळ्या मूळच्याच. घराजवळ पंप गल कंपनीचा. त्यांच्या फोर्स १० पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल (अल्कोहोल), म्हणजे ई१०, तेही म्हणे दुधापासून. बायको म्हणते तेच घाल. घालू का? आधी काय बदलू? बजेट १५० डॉलर, वर एक सेंट नाही.

सदाशिवपेठी: आमच्याकडे सरसकट ई२० मिळतं, आम्हाला कोणी विचारलं का घालू म्हणून? अ‍ॅव्हरेज पार झोपलंय.

वेगवेडा: फोर्स १० म्हणजे ९८ ऑक्टेन. डोळे झाकून घाल, गाडी उडेल. माझ्या १००० सीसीत तेच असतं.

डेअरीवाला_हॅमिल्टन: दूध कोणी जाळत नाही हो. चीज आणि केसीन काढल्यावर हिरवट पाणी उरतं, ते व्हे. त्यातलं प्रोटीन गाळून घेतात, त्याची पावडर महाग विकली जाते. मागे राहतं त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, पाचेक टक्के. पावाच्या यीस्टला लॅक्टोज पचत नाही, म्हणून क्लुव्हेरोमायसेस नावाचं वेगळं यीस्ट लागतं, ते त्याचं अल्कोहोल करतं. मग ऊर्ध्वपातन. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर उरलंसुरलं पाणीही काढावं लागतं. २००७ मध्ये गलने फोर्स १० आणलं ते फॉन्टेरा या इथल्या डेअरी कंपनीच्या याच अल्कोहोलवर. आयर्लंडात कॉर्कजवळ कारबरीवाले १९७८ पासून व्हेचं अल्कोहोल काढतायत.

उपासवाली: दुधाचंच म्हणजे एकादशीला गाडी चालेल 😀

डेअरीवाला_हॅमिल्टन: यीस्ट आहे ताई, मोडला उपास.

ऊसवाला: तिकडे डेअरीवाल्यांचे लाड, इकडे आमचा ऊस. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसाच्या इथेनॉलला लगाम घातला आणि आता मका डोक्यावर घेतलाय. आमच्या कारखान्याने डिस्टिलरीसाठी काढलेलं कर्ज कोण फेडणार?

मानुकाऊकर: दादा, माझ्या नळ्यांचं काय?

नवी_गाडी_घ्या: एफआय (फ्युएल इंजेक्शनवाली, बिनकार्ब्युरेटरची) गाडी घे. नऊ हजारांत झकास मिळेल, कटकटच नको.

मानुकाऊकर: बजेट वाचलंत का?

गॅरेजवाले_काका: ९८ ने जीएन उडणार नाही. कॉम्प्रेशन कमी आहे, साधं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल पुरतं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, पेट्रोल दाबाखाली अवेळी न पेटण्याचं माप. भीती वेगळीच. इथेनॉलने जुना रबर फुगतो, टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सुटून कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, जेटमध्ये अडकतो. शिवाय ते पाणी ओढतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी बसतं. पेट्रोलचा कॉकही (तोटी) टाकीच्या तळाशीच. बाळा, '३०आर९' (इंधनाच्या नळीचं मानक) छापलेली नळी घे, मीटरभर पुरते. फ्लोट बोलचा (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीचा) खालचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढ. खाली वेगळा थर दिसला तर टाकी ओतून टाक. हिवाळ्यात गाडी उभी ठेवणार असशील तर ई१० नकोच.

थंडीत_अडकलेला: माझी गाडी हिवाळाभर ई१० सकट गॅरेजात होती. कार्ब्युरेटर साफ करायला मेकॅनिकने ४०० डॉलर काढले. म्हणाला, इथेनॉल. चोर साला. आधीचा मालक काय घालत होता कोणास ठाऊक.

सदाशिवपेठी: अ‍ॅव्हरेजबद्दल कोणीच बोलत नाही.

गॅरेजवाले_काका: इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. म्हणजे ई१० ने तीनेक टक्के फरक. तुमचं पार झोपलं असेल तर आधी एअर फिल्टर बघा.

सदाशिवपेठी: फिल्टर नवा आहे. तीन टक्के तुमच्या कागदावर.

नवा_सदस्य: कोणी सांगितलं नसेल तर सांगतो, आधी रबरी नळ्या बदल.

वेगवेडा: @डेअरीवाला तुम्ही स्वतः काय घालता?

डेअरीवाला_हॅमिल्टन: ९१. माझी १९८४ ची आहे, तिला मी भलतंसलतं पाजणार नाही.

मानुकाऊकर: आभार सगळ्यांचे. ३०आर९ नळी, क्लिपा आणि इनलाइन फिल्टर मिळून ४० डॉलरच्या आत झालं. जुनी नळी काढताना हातातच तुटली, आतून काळं पीठ. काका, बाटलीत थर दिसला नाही. बहुतेकांचं मत ९१ दिसतंय, पण गाडी रोज कामाला जाते, उभी राहणारच नाही. फोर्स १० भरून आलो. बायकोला दुधाचं पेट्रोल पटलंय, तिथे माझं चालत नाही.

वेगवेडा: आता बघ कशी पळते.

सदाशिवपेठी: अ‍ॅव्हरेज कळवा.