टेकऑफनंतर विमान एसआयडीवरून (ठरलेल्या निर्गमन मार्गावरून) भलतीकडे वळू लागलं तर आधी काय?

ध्रुवतारा
टाइप रेटिंगचा (विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या परवानगीचा) अभ्यास करताना एक मुद्दा अडलाय. आरनॅव्ह-१ (विमानाच्या यंत्रणेने जागा ठरवून, एक मैलाच्या अचूकतेने उडायची) एसआयडी आहे, ऑटोपायलट लावलेला आहे आणि पहिल्याच वळणावर विमान चार्टपेक्षा वेगळ्या दिशेला वळतंय. अशा वेळी एफएमएसमध्ये (मार्ग सांभाळणाऱ्या संगणकात) पुढच्या वेपॉइंटला (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूला) 'डायरेक्ट टू' (थेट तिकडे जा) द्यायचं की मार्ग सोडून हेडिंगवर (आपण निवडलेल्या दिशेवर) यायचं? आणि ही चूक मुळात शिरते कुठून?

क्षितिज
आधी हेडिंग, मग एफएमएस.

'डायरेक्ट टू'ने मधले वेपॉइंट गळतात आणि त्यांच्यावरची उंचीची बंधनंही जातात. तो बिंदू एव्हाना मागे पडला असेल तर विमान थेट त्याच्याकडे वळायला निघतं, मग ते वळण डोंगराच्या बाजूला असो की शेजारच्या धावपट्टीच्या मार्गावर. शिवाय दोघांच्याही माना खाली कीपॅडकडे. २,००० फुटांवर हे परवडत नाही.

एअरबसवर हेडिंगचा नॉब ओढला की सहसा आहे तीच दिशा धरली जाते. बोइंगवर मात्र हेडिंग सिलेक्ट दाबण्याआधी बग (निवडलेल्या दिशेची खूण) कुठे आहे ते पाहाच. तो बहुधा धावपट्टीच्या दिशेवरच ठेवलेला असतो, आणि विमान मुकाट्याने तिकडे वळतं. ऑटोपायलट ऐकत नसेल तर तो काढून हाताने उडवा.

त्याच दमात एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रकाला) सांगा: मार्ग सोडलाय, अमुक हेडिंगवर आहोत, व्हेक्टर्स (उडायच्या दिशा) द्या. बिघाड असेल तर ठरलेले शब्द 'अनेबल आरनॅव्ह ड्यू इक्विपमेंट' (यंत्रणेमुळे आरनॅव्ह शक्य नाही). समांतर धावपट्ट्या असतील तर इथे पाच सेकंदांचा उशीरही महागात पडतो. एसआयडीने दिलेली अडथळ्यांपासूनची सुरक्षितता फक्त त्या मार्गापुरती असते. मार्ग सुटला की ती संपली, म्हणून एमएसए (त्या भागातली किमान सुरक्षित उंची) गाठेपर्यंत चढणं थांबवू नका. वर दुसरं विमान असल्यामुळे एटीसीने उंची बांधून दिली असेल, तर ती अडचण लगेच बोलून दाखवा.

होकायंत्र
चूक कुठून शिरते? बहुतेक वेळा गेटवर किंवा टॅक्सी करताना धावपट्टी बदलते तेव्हा. नवी धावपट्टी निवडली की जुनी एसआयडी गळू शकते किंवा मार्गात खंड पडतो. खंड आला की एलनॅव्ह (भरलेल्या मार्गावर विमान वळवणारा मोड) सुटतो आणि विमान आहे त्या हेडिंगवर सरळ जात राहतं. दुसरं कारण म्हणजे सारखी नावं: शेवटचा अंक किंवा अक्षर चुकलं की वेगळाच मार्ग हाती येतो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तो करावाच. नकाशा प्लॅन मोडवर घ्या. एकाने छापील चार्टवरून वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर एकेक वेपॉइंट पुढे नेत ताडून पाहायचं: नाव, ट्रॅक (जमिनीवरून जायची दिशा), अंतर, उंची, वेग. दोघांनीही पडद्यावरूनच वाचलं तर ती तपासणी नव्हेच. चुंबकीय दिशेच्या हिशेबामुळे ट्रॅकमध्ये ३ अंशांपर्यंतचा फरक चालतो. एसआयडी डेटाबेसमधून नावानेच उचलायची, अक्षांश-रेखांश टाकून हाताने बांधायची नाही.

धावपट्टी बदलली की हे सगळं पहिल्यापासून, आणि तेही विमान थांबवून. लाइन-अपवर (टेकऑफसाठी धावपट्टीवर उभं राहिल्यावर) पडद्यावरचं धावपट्टीचं चिन्ह नाकासमोर आहे ना आणि एलनॅव्ह किंवा नॅव्ह (एअरबसवरचा तसाच मोड) आर्म (लागायला तयार) दिसतोय ना, हे पाहा. बटण दाबलं म्हणजे मोड लागला असं नव्हे, एफएमएवर (लागलेले मोड दाखवणाऱ्या पट्टीवर) वाचा. १९८३ मध्ये अँकरेजहून निघालेलं कोरियन विमान ००७ भरकटलं, ते ऑटोपायलट हेडिंगवरच राहिल्यामुळे किंवा मार्गाचा मोड पकडला न गेल्यामुळे, आणि ते चालकांच्या लक्षात न आल्यामुळे, असा आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) १९९३ च्या अहवालाचा निष्कर्ष आहे.

ध्रुवतारा
पण मार्ग बरोबर आणि विमानालाच स्वतःची जागा चुकीची वाटत असेल तर?

अक्षांश
ते जास्त धोक्याचं. १० मार्च २०१५ ला सिडनीत एका ए३३० मध्ये रेखांश १५१ अंश ९.८ मिनिटे पूर्व ऐवजी १५ अंश १९.८ मिनिटे पूर्व असा भरला गेला. जागेत सुमारे ११,००० किलोमीटरची चूक. १६ आर (उजव्या धावपट्टी) वरून उडालेलं विमान डावीकडे, १६ एल (डाव्या समांतर धावपट्टी) च्या निर्गमन मार्गाकडे वळलं. हवेत दुरुस्तीचे प्रयत्न झाले, त्यांनी यंत्रणा आणखी बिघडली. शेवटी ते मेलबर्नला उतरवावं लागलं.

क्षितिज म्हणतात ते इथे दुप्पट लागू. आयआरएस (हालचालींवरून जागा आणि दिशा काढणारी यंत्रणा) पुरता अलाइन करायला (सुरुवातीची जागा-दिशा जुळवायला) विमान उभं लागतं, मध्यम अक्षांशांवर साधारण १० मिनिटं. हवेत स्विचशी खेळू नका, हातचा अॅटिट्यूडही (विमान किती कललंय याची माहिती) जाईल. गेटवर भरलेली जागा जीपीएसशी आणि तिन्ही आयआरएस एकमेकांशी ताडा. जीपीएस नसेल, डीएमई-डीएमईवर (जमिनीवरच्या केंद्रांपासूनच्या अंतरांवरून जागा काढत) असाल, तर टेकऑफच्या सुरुवातीला जागा १,००० फुटांच्या आत जुळायला हवी.

घड्याळ अचानक उडी मारतंय, ग्राउंडस्पीड वाऱ्याशी जुळत नाहीये, जीपीएस आणि आयआरएस दूर सरकतायत असं दिसलं तर स्पूफिंगचा (कुणी खोटे जीपीएस संकेत सोडत असल्याचा) संशय घ्या. उत्पादकाच्या पद्धतीप्रमाणे जीपीएस वगळा, व्हीओआर-डीएमईचे (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांचे) कच्चे संकेत लावा, एटीसीकडून हेडिंग मागा.

वळणवाट
एक राहिलं. मार्ग बरोबर, जागा बरोबर, तरीही विमान वळणाच्या बाहेर जातं ते वेगामुळे. २५ अंश बँकवर (विमान कलवून) २१० नॉट खऱ्या वेगाला वळणाची त्रिज्या सुमारे १.४ नॉटिकल मैल, २५० ला जवळजवळ २. हेडिंग सिलेक्टवर बँक १५ अंशांवर अडकवलेली राहिली तर २५० ला ३.४. मागून वारा असेल तर जमिनीवरचा माग आणखी फुगतो. आरनॅव्ह-१ मध्ये अपेक्षित विचलन अर्धा मैल, वळणात थोडा वेळ एक मैल. म्हणून चार्टवर २१० ची मर्यादा असेल तर पहिलं वळण संपेपर्यंत फ्लॅप पूर्ण आत घेण्याची घाई करू नका, आणि तो आकडा एफएमएसमधल्या लेग्जच्या (मार्गाच्या टप्प्यांच्या) पानावर उतरलाय का ते गेटवरच बघा.