आई-बाबांना घेऊन व्हेराक्रूझ : आठवडाभरात काय पाहावं, आणि आईच्या जेवणाचं काय?

ओवी_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या माझ्याकडे आलेत. जानेवारीच्या शेवटी आठवडाभर सुट्टी काढून त्यांना मेक्सिको दाखवायचा बेत आहे. जो तो कानकूनला जा म्हणतो, पण रिसॉर्टमध्ये बसून राहणं दोघांच्याही स्वभावात नाही. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. जंजिरा, सिंधुदुर्ग, पद्मदुर्ग सगळे पायांखालून गेलेले. मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस जिथे उतरला तो किनारा बघायचा असं त्यांनी ठरवूनच टाकलंय. म्हणून व्हेराक्रूझ.

अडचणी अशा: आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बंदराच्या गावात तिचे हाल होतील का? बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर छान चालतात, चढ नको. गाडी भाड्याने घ्यावी की बसने फिरावं? सुरक्षिततेचं काय? पोहायचं कुणालाच नाही. तिकडे राहणाऱ्या किंवा जाऊन आलेल्या कुणी सांगेल का?

दर्यावर्दी

मी मालवाहू जहाजावर असतो, व्हेराक्रूझला येणंजाणं झालंय. बाकीचं जाणकार सांगतील, मी फक्त वाऱ्याबद्दल लिहितो, कारण तुम्ही नेमक्या त्या मोसमात जाताय.

ऑक्टोबर ते एप्रिल तिथे 'नोर्ते' येतात. उत्तरेकडून थंड हवेची लाट मेक्सिकोच्या आखातावरून खाली उतरते आणि वारा असा सुटतो की बंदर बंद करतात. आम्ही बाहेर नांगर टाकून नुसते वाट बघत बसलेलो आहोत. नोर्ते येण्याआधी बहुधा दक्षिणेकडून गरम, कोरडा वारा वाहतो, त्याला तिथले लोक 'सुरादा' म्हणतात. जानेवारीत अचानक घाम फुटायला लागला की समजा, एक-दोन दिवसांत लाटा धक्क्यावर आपटणार, वाळू डोळ्यांत जाणार आणि स्वेटर लागणार. वडीलधाऱ्यांसाठी कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट सोबत असू द्या. किनाऱ्यावरचं गाव म्हणून नुसते सुती कपडे नेऊ नका. होडीची सहल ठरवाल ती एक दिवस पुढेमागे करता येईल अशी ठेवा. नोर्ते ओसरला की हवा इतकी स्वच्छ होते की पश्चिमेला ओरिसाबाचं बर्फाचं शिखर दिसू शकतं. ५,६३६ मीटर, मेक्सिकोतलं सगळ्यात उंच. पहाटे लवकर उठून बघा, नंतर ढग येतात.

शेवंती_पुएब्ला

ओवी, तुमच्या बाबांनी जागा अगदी योग्य निवडलीय. आम्ही पुएब्लाला राहतो, नवरा गाड्यांच्या कारखान्यात आहे. इथून व्हेराक्रूझ बसने चारेक तासांवर, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की आमची पावलं तिकडेच वळतात. सासू-सासरे, माझी आई, सगळ्यांना नेऊन झालंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट आग्रहाने सांगते. व्हेराक्रूझ हे संध्याकाळचं गाव आहे. किल्ला उरकून दुपारीच पुढे निघणाऱ्यांना ते भेटतच नाही. निदान निम्म्या रात्री तिथेच काढा, आणि मुक्काम जुन्या गावात ठेवा, प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकापर्यंत चालत जाता येईल असा. बोका देल रिओकडची नवी हॉटेलं चकचकीत आहेत, पण तिथून दर संध्याकाळी टॅक्सी करावी लागते, आणि मग मोठी माणसं 'आज राहू दे' म्हणतात.

त्या चौकात संध्याकाळी बँड बसतो आणि दान्सोन हा जोडीचा नाच सुरू होतो. ठरावीक वार असतात, हॉटेलात पोचल्या पोचल्या विचारून घ्या. हा नाच क्यूबातून आला आणि व्हेराक्रूझने तो आपलासा केला. नाचणारे बरेचसे साठी-सत्तरीच्या पुढचे. पुरुष पांढऱ्या ग्वायाबेरात, म्हणजे चुण्यांच्या सदऱ्यात, बायकांच्या हातात पंखा. पाय जमिनीपासून जेमतेम सुटतात, कमरेवरचं शरीर स्थिर. मधेच सुरुवातीचा तुकडा परत वाजायला लागला की सगळ्या जोड्या एकदम थांबतात, बँडकडे तोंड करून उभ्या राहतात, बायका वारा घेतात, आणि पुन्हा नेमक्या मात्रेवर सगळ्यांचं पाऊल पडतं. कुणी मोजताना दिसत नाही. माझी आई, जी घरी आठ वाजता जेवून झोपते, ती तिथून हलायला तयार नव्हती. आजूबाजूला बाकं आहेत, गुडघ्याला त्रास नाही.

सकाळचं ठिकाण म्हणजे मालेकोनवरचं, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावरचं, ग्रान काफे दे ला पारोक्विया. हे कॉफीघर १८०८चं आहे. 'लेचेरो' मागवा. काचेच्या उंच ग्लासात बोटभर दाट, काळी कॉफी येते. मग चमच्याने ग्लासवर टणटण वाजवायचं, की दुसरा वेटर मोठी किटली घेऊन येतो आणि हात उंच नेत गरम दुधाची धार सोडतो. सगळं कॉफीघर सतत किणकिणत असतं. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी संकोचाने हळूच वाजवलं, कुणी आलं नाही. बाबांना सांगा, खणखणीत वाजवायचं.

आता किल्ला. सान हुआन दे उलुआ पूर्वी बेटावर होता, आता भराव घालून जमिनीला जोडलाय, टॅक्सी दारापर्यंत जाते. सोमवारी बंद असतो. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या; जवळ जाऊन पाहिलं की दगडात मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी दिसते, ती प्रवाळाची. एका बाजूच्या भिंतीत भलीमोठी कडी बसवलेली होती, जहाजं त्यांना बांधायची. स्पेनला जाणारी चांदी इथूनच चढायची. मेक्सिको १८२१मध्ये स्वतंत्र झाला, तरी स्पॅनिश शिबंदी या किल्ल्यात पुढे चार वर्षं ठाण मांडून होती आणि समोरच्या शहरावर तोफा डागत होती. शेवटी नोव्हेंबर १८२५मध्ये त्यांनी किल्ला सोडला. किल्ल्याच्या अभ्यासकाला हा भाग फार आवडेल.

पुढे तो तुरुंग झाला. बेनितो हुआरेस, जे नंतर राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांना हद्दपार करण्याआधी १८५३मध्ये इथेच डांबलं होतं. कोठड्यांच्या छतातून पाणी झिरपून चुन्याचे लोंबते सुळे तयार झालेत. बाहेर रणरणतं ऊन असताना आत शिरलं की कपडे अंगाला चिकटतात, इतकी ओल. तिथे माणसं वर्षानुवर्षं ठेवली होती हे कळल्यावर आम्ही कुणीच थोडा वेळ बोललो नाही. जमिनीला खाचखळगे आहेत, बाबांना काठी घेऊ द्या. वर तटावर चढलं नाही तरी चालतं, खालीच भरपूर आहे.

गावात बालुआर्ते दे सांतियागो नावाचा एक बुरूज उभा आहे, जुन्या शहरकोटातला तेवढाच उरलेला. तो वगळू नका. ऑक्टोपस धरणाऱ्या एका कोळ्याला १९७०च्या दशकात समुद्राच्या तळाशी स्पॅनिशांच्या आधीच्या घडणीचे सोन्याचे दागिने सापडले होते, ते तिथे मांडलेत.

कोर्तेसची वाट धरायची तर एका दिवसाची टॅक्सी ठरवून उत्तरेला ला आंतिग्वा आणि सेम्पोआला करा. ला आंतिग्वाला लोक ज्याला 'कोर्तेसचं घर' म्हणतात त्या पडक्या भिंतींना झाडांच्या मुळांनी असं आवळलंय की आता भिंत मुळांवर उभी आहे की मुळं भिंतीवर, सांगता येत नाही. सेम्पोआला तोतोनाक लोकांचं नगर. मोकळं हिरवं पटांगण, त्यात नदीतल्या गोल गोट्यांनी बांधलेली मंदिरं, चढ अजिबात नाही. १५१९मध्ये इथल्या राजाने अझ्टेकांच्या खंडणीला कंटाळून कोर्तेसशी हातमिळवणी केली. मूठभर स्पॅनिशांनी एवढं साम्राज्य पाडलं असं आपण वाचतो. त्यांच्यामागे कोण उभं होतं ते या पटांगणात उभं राहिलं की समजतं.

आणि हालापा. बसने दोनेक तास, १,४०० मीटरवर, थंड, बारीक रिमझिम पावसाचं गाव. तिथलं मानववंशशास्त्र संग्रहालय माझ्या मते मेक्सिको सिटीतल्या प्रसिद्ध संग्रहालयाच्या तोडीचं आहे. ओल्मेक या इथल्या प्राचीन लोकांनी घडवलेली प्रचंड दगडी मस्तकं आजवर १७ सापडलीत, त्यातली ७ इथे. बसाल्टचा हा दगड दूरच्या तुश्त्ला डोंगरांतून आणला होता, ना चाकाच्या गाड्या, ना ओढायला बैल-घोडे, तीन हजार वर्षांपूर्वी. प्रत्येक चेहरा वेगळा, कुणा खऱ्या माणसाचा. एकाचे ओठ किंचित उघडे आहेत. लांब दालनं, सोबत बाग, बसायला जागा. सोमवारी हेही बंद.

आईंच्या जेवणाबद्दल मोकळेपणाने सांगते: उपाशी राहणार नाहीत, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नका. मांस दिसत नाही म्हणजे नसतं असं नाही. काळ्या घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी घालतात, तिला 'मांतेका' म्हणतात. भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका, सिन ऊएवो' हे कागदावर लिहून घ्या आणि दाखवा. बायका चालवतात त्या छोट्या खानावळींत जास्त मनापासून ऐकून घेतात. सासूबाईंना एका बाईंनी तव्यावर तेल घालून वेगळी पिकादा करून दिली: मक्याची जाड रोटी, कडा चिमटून वर घेतलेल्या, त्यात हिरवी साल्सा, कांदा, चुरलेलं चीज. 'गोर्दा' मिळते, मक्याच्या पिठात घेवडा मळून तळलेली, टम्म फुगते. गोड गोर्देत गूळ आणि बडीशेपेच्या वासाचं अनीस असतं. तळण कशात आहे ते मात्र विचाराच. तळलेली पिकली केळी, अवाकाडो, पपई, अननस, चिंचेचं सरबत यांची ददात नाही. मेतकूट आणि थेपले बॅगेत असू द्या.

गाडी घेऊ नका. आ-दे-ओ कंपनीच्या बस आरामशीर आहेत, आत स्वच्छतागृह असतं. लांबचा प्रवास दिवसा करा. रात्री गावाबाहेरच्या रस्त्यांवर जाऊ नका, टॅक्सी हॉटेलातून बोलावून घ्या. चौक आणि मालेकोन रात्री उशिरापर्यंत गजबजलेले असतात, तिथे मला कधी भीती वाटली नाही. आई-बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.

पोफळबाग

मी कुडाळचा. आमच्या पोफळीत व्हॅनिलाचे वेल आहेत, म्हणून तिचं माहेर बघायला पापांत्लाला गेलो होतो. व्हेराक्रूझहून बसने चार तासांच्या आसपास, तेव्हा एक रात्र तिथे राहायला हवं.

व्हॅनिला मूळची याच भागातली, तोतोनाकांची. स्पॅनिशांनी वेल बाहेर नेले, पण तिथे फळच धरेना, कारण परागीकरण करणाऱ्या मधमाश्या इथल्याच. १८४१मध्ये रेयुनियन बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून हाताने परागीकरण करायची युक्ती काढली. मीही माझ्या बागेत रोज सकाळी तेच करतो, कारण फूल काही तासच उमललेलं असतं. जगभरात आज याच पद्धतीने व्हॅनिला पिकते. त्या मुलाच्या हाती मात्र काही लागलं नाही, तो गरिबीतच गेला. याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही जाल तेव्हा शेंगा मुरवायचं काम चालू असेल. दिवसा उन्हात पसरतात, गरम असतानाच घोंगड्यांत गुंडाळून पेटीत घाम आणायला ठेवतात, असं महिनोन्‌महिने. शेंग तेलकट काळी होऊन बोटाभोवती गुंडाळता आली की तयार. बाजारात कोरडी, कडक शेंग घेऊ नका.

जवळच एल ताहीन हे प्राचीन नगर. ३६५ कोनाड्यांचा पिरॅमिड. चढू देत नाहीत, त्यामुळे बाबांचं काही चुकणार नाही. तिथेच व्होलादोरेस बघा. उंच खांबावर पाच जण चढतात, चौघे दोरीला उलटे लटकून गोल गोल उतरतात, पाचवा वर टीचभर जागेवर बासरी आणि छोटा ढोल वाजवतो. प्रत्येकाचे तेरा फेरे, चौघांचे मिळून बावन्न. त्यांच्या जुन्या कालगणनेतलं चक्रही बावन्न वर्षांचं.

ओवी_ह्यूस्टन

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना वाचून दाखवलं, ते १८२५च्या गोष्टीवरच अडकलेत. पापांत्ला या खेपेला जमेल असं वाटत नाही. व्हेराक्रूझ, सेम्पोआला, हालापा नक्की. शेवंतीताई, एकच विचारते. त्लाकोताल्पानला फेब्रुवारीच्या सुरुवातीला नदीकाठी उत्सव असतो म्हणे. आमचे शेवटचे दिवस तेच आहेत. बाबांना घेऊन जावं का?

शेवंती_पुएब्ला

कांदेलारियाचा, म्हणजे मेरी मातेचा उत्सव. ३१ जानेवारीला घोडेस्वारांची मिरवणूक, १ फेब्रुवारीला रस्त्यांवर बैल सोडतात, २ तारखेला मातेची मूर्ती होडीतून पापालोआपान नदीवर फिरवतात. १ तारखेला बाबांना घेऊन अजिबात जाऊ नका, धावपळ असते आणि माणसं पडतात. २ तारीख जमत असेल तर जरूर जा, पण सकाळी लवकर पोचा आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा, संध्याकाळी बसमध्ये जागा मिळत नाही. गाव पूर्ण सपाट आहे. घरोघरी रंगीत कमानींच्या ओसऱ्या आहेत, त्यांच्या सावलीतून चालता येतं. मुक्काम मात्र तिथे शोधू नका, त्या दिवसांत सगळं आधीच भरलेलं असतं.