ई-क्लासवर जंगल राखायचं, तर ढोरं कुठं न्यायची?

अचलपूरकर: आमच्या गावच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी गायरानावर, चराईबंदी करून स्थानिक जंगल वाढवायचं आणि झाडांनी हवेतून शोषून धरलेल्या कार्बनचे पैसे (कार्बन क्रेडिट) ग्रामपंचायतीनं घ्यायचे, असा ठराव येत्या ग्रामसभेत येतोय. मी बाजूनं आहे. परवा तिथं पळसाचं एक खुंट उकरून पाहिलं. वर वीतभर फुटवा, शेंडा बकरीनं खाल्लेला. खाली मूळ माझ्या मनगटाहून जाड! अशी खुंटं पावलोपावली आहेत. ४-५ पावसाळे मोकळे मिळाले तर पळस, टेंभुर्णी, बोर आपोआप उठतील, रोपं फारशी लावावीही लागणार नाहीत. पायविहीर गाव इथून लांब नाही. तिथल्या लोकांनी १९२ हेक्टर उजाड जंगल राखलं, तिथली सीताफळं मुंबईपर्यंत गेली.

ढोरकी: मूळ जाड हाये, खरं हाये. पण माह्यापाशी १४ बकऱ्या अन् २ गाई हायेत, वावर नाही. त्यायनं ४-५ वर्षं काय खावं? पहिले ज्वारी होती तं कडबा भेटे. आता जिकडं पाहा तिकडं कपाशी अन् सोयाबीन. सोयाबीनचं कुटार, म्हंजे भुसा, जो तो आपल्याच ढोरायले ठेवते. ठरावाले हात वर करणारे वावरवाले, बंदी मात्र आमच्यावर.

माळकरी: माझा विरोध वेगळ्या कारणानं. वरचा मुरमाड माळ कधी जंगल नव्हताच. तिथं पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं आहेत. गवताचा बराचसा कार्बन जमिनीखाली असतो, वणवा आला तरी तो तिथंच राहतो. अकोला-वाशीमकडं तणमोर हा दुर्मिळ पक्षी अशाच माळांवर येतो. तिथं खड्डे खणून ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं, तर आहे तेही जाईल.

अचलपूरकर: ग्लिरिसिडियाला माझाही विरोधच आहे. माळ सोडू, तुमचं पटलं. खालचा नाल्याकडचा भाग आळीपाळीनं बंद ठेवू आणि तिथलं गवत कापायचा पहिला हक्क बिनवावरवाल्यांना देऊ.

ढोरकी: गाईचं भागन. बकरी कापलेल्या गवतावर जगत नाही भाऊ, तिले पाला लागते. अन् कार्बनचा पैसा झाडं वाढल्यावर, मोजणी झाल्यावर येते. बंदी पहिल्या दिवसापासून. मधातली वर्षं कोण भरून देते ते ठरावात लिहा, मंग राखणीले मीच बसतो.